खुर्चीवाल्याचा रुमाल

लोक त्याला खुर्चीवाला म्हणायला लागले तेव्हा तो खरोखरच खुर्च्या भाड्याने देत असे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे त्याच्या टेबलावर ‘लोकसहभाग प्रमुख’ अशी पितळी पाटी आली आणि त्याचा मूळ धंदा काय, हे कोणी विचारेनासं झालं. बस आगाराच्या मागच्या गल्लीत त्याचं गोदाम होतं. लोखंडी घडीच्या खुर्च्या, दोन कर्णे, एक खरखरणारा माईक आणि सतरंज्यांची चळत, एवढा पसारा. सतरंज्यांना धुळीचा वास यायचा आणि खुर्च्यांना घामाचा. पण तो वास अंघोळ केली की जायचा. पुढे अंगाला जो वास लागला तो कशानेच जाईना.

पहिल्या खुर्च्या ताईच्या पगारातून आल्या होत्या. ताई त्याच्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत घातलं, आणि शाळा काही त्याच्या पचनी पडत नाही हे बघून धंद्यालाही लावलं. ती नगरपालिकेच्या प्रसूतिगृहात परिचारिका होती. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, इतकी बाळंतपणं बघितली की हौस फिटते. खुर्च्या दुसऱ्यांच्या खुर्च्यांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येकीच्या पाठीवर तिने सुट्टीच्या दिवशी मांडी घालून हिरवा पट्टा रंगवला होता. तो पट्टा वाकडातिकडा होता, पण गावभरातून खुर्च्या बरोबर घरी परत यायच्या.

खुर्चीवाल्याला त्याच्या धंद्यातली एक खोच नेमकी ठाऊक होती. सभा गाजवायची असेल तर येणाऱ्या माणसांपेक्षा खुर्च्या कमी टाकायच्या. थोडे लोक भिंतीला टेकून उभे राहिले, दाराशी रेटारेटी झाली, की झालीच सभा जंगी. आणि कोणाची सभा पाडायची असेल तर तेवढ्याच माणसांना दुप्पट खुर्च्या टाकायच्या, त्याही ऐसपैस. मग वक्ता बिचारा रिकाम्या खुर्च्यांशी बोलत बसतो आणि त्याचा आवाज आपोआप पडतो. तेव्हा खुर्चीवाल्याला ही नुसती गंमत वाटायची. चहा पिता पिता तो ती कोणालाही सांगायचा. एकदा ती त्याने चुकीच्या माणसाला सांगितली.

हा माणूस गोडबोल्या. आधी वर्तमानपत्रात बातमीदार होता. तिथून त्याला का काढलं, हे तो दर वेळी वेगळं सांगायचा. गोदामाचा एक कोपरा त्याने भाड्याने मागितला, एक टेबल आणि एक फोन ठेवला, आणि बाहेर पाटी लावली, ‘जाहिरात व छपाई सल्ला’. त्याला हातांना मलम चोळायची सवय होती. गुलाबाच्या वासाचं, चिकट. दिवसातून कितीदा तरी तो हात चोळायचा आणि भेटेल त्याचे हात दोन्ही हातांत घेऊन बोलायचा. तो गेल्यावरही तो वास तळहातावर राहायचा, आणि तोंडात घास घालताना नाकाशी यायचा. खुर्चीवाल्याची बायको म्हणायची, तुमच्या त्या भाडेकरूला म्हणावं, नमस्कार लांबूनच कर.

गोडबोल्याचं पहिलं मोठं काम बाजारातल्या दुकानदारांचं होतं. त्यांच्या रस्त्यावर एकाच दिशेने वाहतूक ठेवायचा घाट घातला होता, आणि ते ठरण्याआधी अधिकारी लोकांचं म्हणणं ऐकायला येणार होता. दुकानदार दुकान सोडून येईनात. हॉलमध्ये माश्या मारत बसायची वेळ आली. गोडबोल्याचं तोंड उतरलं. तेव्हा खुर्चीवाल्याने आपले हमाल आणून बसवले, शेजारचे शिंपी आणले, शिंप्यांच्या बायका आणि सासवा आणल्या. अधिकाऱ्याने भरलेला हॉल बघितला आणि रस्ता होता तसा राहिला.

“लोक येत नाहीत म्हणून रडायचं कशाला?” गोडबोल्या त्याचे हात धरून म्हणाला. “खुर्च्या भाड्याने मिळतात, तर माणसं का मिळू नयेत?”

खुर्चीवाला हसला. त्या हसण्याची त्याला शिसारी येईपर्यंत बरीच वर्षं गेली, आणि आली तेव्हा तिचा काही उपयोग नव्हता.

त्यानंतर पाट्या बदलत गेल्या. ‘जनसंपर्क’ झालं, मग ‘जनसंपर्क व शासकीय समन्वय’, मग नुसतंच ‘धोरण सल्लागार’. पाटीवरचे शब्द जसे कमी झाले तशी जागा वाढत गेली. गोदामाचा कोपरा सुटला, बँकेच्या वरचा मजला आला, शेवटी काचेची अख्खी इमारत आली. तिच्या काचा उघडत नसत. आत सतत कसला तरी सुगंध फवारलेला असायचा, आणि त्याच्याखाली गालिच्याचा ओलसर वास दबलेला असायचा. चांगल्या चांगल्या कॉलेजांतली पोरं-पोरी तिथे कामाला लागली. एक मुलगी तर दिवसभर वर्तमानपत्रांना पत्रं लिहायची. सकाळी ती ‘एक चिंतित आई’ असायची, दुपारी ‘एक सेवानिवृत्त शिक्षक’, आणि संध्याकाळी डबा धुऊन घरी जायची. एक निवृत्त बडा अधिकारी होता. त्याचं काम एवढंच की कुठल्या साहेबाचा मेहुणा कुठे नोकरी शोधतोय, हे त्याला माहीत असायचं. एका रंगाच्या कारखान्याने नदीची गटारगंगा केली, तेव्हा या मंडळींनी त्याच कारखान्याच्या मालकाकडून नदीकाठी रोपं लावून घेतली. फोटोत रोपं छान दिसली. नदी दिसू नये याची काळजी घेतली होती.

यात लाज वाटण्यासारखं काही आहे असं तिथे कोणाला वाटत नव्हतं. बंद करण्याला ते ‘स्थलांतर’ म्हणत, हाकलण्याला ‘पुनर्रचना’ म्हणत, आणि तोंडाला पानं पुसण्याला ‘संवाद’. मंत्र्यांच्या दारात जाऊन लाळघोटेपणा करण्याला तर इतका भारदस्त शब्द होता की खुर्चीवाल्याला तो नीट उच्चारता यायचा नाही.

गोडबोल्याने खुर्चीवाल्यालाही सोबत नेलं होतं, आणि त्या सगळ्या हुशार मंडळींत त्याला मान होता, तो एका गोष्टीमुळे. जनसुनावण्यांत विरोधक बोलायला उभे राहिले की गोडबोल्याच्या कंपनीने आणलेले लोक हुर्यो उडवायचे. मग दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रं विरोधकांची कड घ्यायची. यावर बैठकांमागून बैठका झाल्या. एका बैठकीत खुर्चीवाला सहज बोलून गेला की हुर्यो कशाला उडवता, टाळ्या वाजवा. सुनावणीत प्रत्येकाला बोलायला तीनच मिनिटं मिळतात. माणूस एक वाक्य बोलला की कडकडून टाळ्या. दुसरं बोलला की परत. माणूस आधी सुखावतो, मग थांबतो, मग गोंधळतो, आणि घंटा वाजते. कोणी त्याला बोलू दिलं नाही असं तर म्हणता येत नाही. उलट त्याचं केवढं कौतुक झालं!

हे ऐकताच गोडबोल्या उठला आणि त्याने खुर्चीवाल्याला मलमाच्या हातांनी मिठी मारली. पितळी पाटी आली ती त्यानंतर. खुणेसाठी रुमाल ठरला. खुर्चीवाला भिंतीशी उभा राहायचा. त्याने खिशातून रुमाल काढून कपाळ टिपलं की टाळ्या, रुमाल खिशात गेला की शांत. बसायला येणाऱ्यांत घरी बसलेले म्हातारे होते, काम सुटलेली माणसं होती, आणि त्यांची म्होरकी होती एक इस्त्रीवाली. धिप्पाड, मोठ्या हातांची बाई. तिची टाळी पहिली पडायची आणि बाकीचे तिच्यामागे वाजवायचे. गोदाम विकलं गेलं, हिरव्या पट्ट्याच्या खुर्च्या भंगारात गेल्या. हे त्याने ताईला सांगितलं नाही. ताईला एवढंच माहीत होतं की भाऊ आता मोठ्या कंपनीत सभांची व्यवस्था बघतो. त्याचा तिला अभिमान होता.

मग प्रसूतिगृहाचा विषय निघाला. गावाच्या ऐन मध्यावरची ती जागा एका बड्या असामीच्या डोळ्यांत भरली होती. प्रसूतिगृह बंद करून बायकांना हमरस्त्यापलीकडच्या नव्या रुग्णालयात पाठवायचं, असा बेत होता. कंपनीच्या भाषेत अर्थातच ते स्थलांतर होतं. काम मिळालं त्या दिवशी काचेच्या इमारतीत सगळ्यांना केक वाटला. खुर्चीवाल्याने आपला तुकडा कागदात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवला आणि विसरला. नंतर त्याला मुंग्या लागल्या.

आठवड्याभराने ताई त्याच्या घरी आली. निवृत्त होऊन तिला बरीच वर्षं झाली होती, गुडघे गेले होते. जिना चढून आली ती आधी धापा टाकत बसली. मग म्हणाली, सुनावणीची व्यवस्था तुझ्याकडेच असेल ना, मग पुढे माझ्यासाठी एक खुर्ची ठेव. मला बोलायचंय, पण तोवर उभं राहवणार नाही.

तो ठेवतो म्हणाला.

तिने काय बोलायचं ते पाठ केलं होतं, आणि घड्याळ लावून त्याला ऐकवलंही. सुरुवात तिच्या नोकरीची होती, मग इमारतीची, मग पाणी गेलं होतं त्या दिवसांची. आणि मग ती मुद्द्यावर आली. मागे एकदा छताच्या दुरुस्तीसाठी प्रसूतिगृह काही महिने बंद होतं, तेव्हा बिस्किटाच्या कारखान्यातली एक बाई अडली. तिला टॅक्सीत घालून हमरस्त्यापलीकडे न्यावं लागलं. ताई बरोबर होती. पुलावर गाड्या तुंबलेल्या. बाई टॅक्सीतच गेली, आणि मूलही गेलं. ताई तिचा हात धरून बसली होती, आणि टॅक्सीवाला पुढे बघत हॉर्न वाजवत होता, वाजवतच होता. ही गोष्ट कोणत्याच अहवालात आली नव्हती. ती अधिकाऱ्याच्या कानावर घालायची, एवढ्यासाठीच ताईला बोलायचं होतं. बाकी सगळी प्रस्तावना होती.

“ही बाई आधी घेऊ की शेवटी?” ताईने विचारलं.

“शेवटी घे,” तो म्हणाला. “शेवटचं असतं तेच लोकांच्या लक्षात राहतं.”

हे त्याने कपटाने सांगितलं नव्हतं, हे मुद्दाम सांगायला हवं. इतकी वर्षं तो कंपनीच्याच वक्त्यांना पढवत आला होता आणि त्यांना हेच सांगायचा. त्यांना कोण मध्ये अडवणार होतं? तोंडातून सवयीने सल्ला निघून गेला. आणि मनात त्याने पक्कं ठरवलंच होतं की ताई बोलेल तेव्हा रुमाल खिशातच राहील. एवढं आपल्या हातात आहे असं त्याला वाटलं.

सुनावणीच्या दिवशी त्याने पहिल्या रांगेत ताईला बसवलं. पहिल्या रांगा कंपनीच्या माणसांनी भरलेल्या होत्या आणि तिथे पिवळा बिल्ला लावल्याशिवाय बसता येत नव्हतं. त्याने एक बिल्ला आणून स्वतःच तिच्या खांद्यापाशी लावला. तिने चष्मा आणला नव्हता. त्यावर ‘बदलाला आमची साथ’ असं लिहिलेलं तिला वाचता आलं नाही, आणि त्याने वाचून दाखवलं नाही. हॉलमध्ये उकडत होतं. घामाचा, डब्यांतल्या जेवणाचा आणि नव्या प्लास्टिकच्या खुर्च्यांचा मिळून एक दर्प सुटला होता. मागे, दाराबाहेर, प्रसूतिगृहाच्या बाजूने आलेली माणसं उन्हात उभी होती. आत जागा नव्हती. जागा नसावी अशीच त्याने व्यवस्था केली होती.

गोडबोल्या एरवी सुनावणीला फिरकत नसे. त्या दिवशी ती बडी असामी जातीने आली होती, म्हणून तोही आला, आणि येऊन खुर्चीवाल्याच्या अगदी शेजारी उभा राहिला. गुलाबाचा तो वास आला.

ताईचं नाव पुकारलं गेलं. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, माईकपाशी गेली. या प्रसूतिगृहात मी सगळी नोकरी केली, असं म्हणाली. इस्त्रीवालीने भिंतीकडे बघितलं. खुर्चीवाल्याचे हात पाठीशी होते. ताईने दुसरं वाक्य म्हटलं, तिसरं म्हटलं. आवाज स्वच्छ होता, अधिकारी मान वर करून ऐकायला लागला होता. हातात पेन घेऊन तो काही टिपून घेण्याच्या बेतात होता.

“रुमाल घरी विसरलात की काय?” गोडबोल्या हळूच म्हणाला. आवाजात राग नव्हता. उलट माया होती, आजारी माणसाशी बोलताना असते तशी.

आता इथे खुर्चीवाल्याच्या मनात काय काय आलं, पितळी पाटी आली, बायकोचं नवं घर आलं, या वयात दुसरं कोण ठेवून घेईल हे आलं, असं सगळं सांगता येईल. पण खरं तर काहीच आलं नाही. हात खिशात गेला आणि रुमाल बाहेर आला. त्याने कपाळ टिपलं.

टाळ्या कडाडल्या. ताई दचकली, मग तिचा चेहरा उजळला. तिने थांबून मान लववली. परत सुरुवात केली. परत टाळ्या. पाणी गेलं होतं त्या दिवसांपाशी ती आली, टाळ्या. तिने भावाकडे बघितलं, इतक्या आनंदाने, की त्याने रुमालात तोंड खुपसलं. रुमाल बाहेर, तोवर टाळ्या चालूच. “आणि एक बाई,” असं ताई म्हणाली आणि घंटा वाजली. अधिकाऱ्याने हसून आभार मानले, पेनला टोपण लावलं. सगळ्यात जास्त टाळ्या त्यानंतर पडल्या, कारण त्याला रुमाल खिशात ठेवायचं भान राहिलं नव्हतं.

घरी जाताना ताई एकटीच बोलत होती. ती बाई सांगायची राहिली, पण हरकत नाही, लोकांच्या मनातच होतं सगळं, बघितलंस ना, पहिल्या रांगेपासून शेवटच्यापर्यंत, असं. आता बंद करायची कोणाची छाती नाही म्हणाली. तो टॅक्सीत तिच्या शेजारी बसला होता. पुलावर गाड्या तुंबल्या होत्या.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ताईचा फोटो होता. पिवळा बिल्ला स्पष्ट वाचता येत होता. ‘जुन्या परिचारिकेचीही बदलाला साथ,’ असं खाली लिहिलेलं, आणि स्थलांतराच्या बाजूने झालेल्या टाळ्यांच्या कडकडाटाचं वर्णन. ते बहुधा त्या चिंतित आईनेच लिहून पाठवलं होतं. काचेच्या इमारतीत तो फोटो मोठा करून भिंतीवर लावला. लोक खुर्चीवाल्याचं अभिनंदन करायला आले. त्यांना ती त्याची बहीण आहे हे माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तर त्यांनी आणखी जोरात केलं असतं. तो स्वच्छतागृहात जाऊन ओकला. मग तोंड पुसायला खिशात हात घातला, रुमाल हाताला लागला, आणि तो पुन्हा ओकला.

संध्याकाळी तो ताईकडे गेला. तिची एकच खोली, एक पलंग, एक शिलाई यंत्र, आणि हिरव्या पट्ट्याची एक घडीची खुर्ची. मूळच्या खुर्च्यांतली एक तिने कधीतरी मागून घेतली होती. ती त्या खुर्चीतच बसली होती. वर्तमानपत्र समोर पलंगावर नीट घडी घालून ठेवलं होतं. एरवी तो दारात दिसला की तिच्या तोंडून पहिला शब्द ‘बस’ असा निघायचा. आज निघाला नाही.

“मला एकच सांग,” ती म्हणाली. “फोटो छापणाऱ्यांनी लबाडी केली ते कळलं. पण टाळ्या? त्या तरी खऱ्या होत्या ना?”

त्याला वाटलं, निदान एवढं तरी तिच्याकडे राहू द्यावं. “खऱ्या होत्या, ताई,” तो म्हणाला.

ताई त्याच्याकडे बघत राहिली. लहानपणी तो खोटं बोलला की ती अशीच बघायची, आणि त्याचे कान तापायचे. तेव्हा तो लगेच कबूल करून टाकायचा.

“सकाळीच इस्त्रीवाली येऊन गेली,” ती म्हणाली. “तिची तिन्ही पोरं माझ्या हातावर झालेली. रुमालाचं सांगितलं तिने. रडत होती, म्हणाली मी तुम्हाला ओळखलं होतं, पण साहेबांनी रुमाल काढला.”

खाली गल्लीत कोणीतरी गाडी धूत होतं, त्याचं पाणी वाहत होतं. तो दाराशी तसाच उभा होता. कंपनीत याहून वाईट गोष्टींवर त्याने मंडळींना तासन्‌तास बोलताना ऐकलं होतं, त्यातलं एक वाक्य त्याला आठवेना.

“बोल,” ताई म्हणाली. “तीन मिनिटं तुलाही देते.”

“ताई, तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला म्हणून,” त्याने सुरुवात केली.

ताईने टाळ्या वाजवल्या.

तिचे हात म्हातारे होते, सांधे सुजलेले, आवाज फारसा होत नव्हता. पण ती मन लावून वाजवत होती. तो थांबला तशी तीही थांबली आणि वाट बघत राहिली, पहिल्या रांगेत बसल्यासारखी ताठ. तो म्हणाला, मी ठरवलं होतं ग, की तू बोलशील तेव्हा. ताईने टाळ्या वाजवल्या. तो म्हणाला, त्या बाईचं मी अधिकाऱ्याला स्वतः जाऊन. टाळ्या. मग त्याने नुसतंच तोंड उघडलं, तरी टाळ्या. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती, कारण हात मोकळे नव्हते.

शेजारीण दार उघडून बाहेर आली. दारात उभ्या राहिलेल्या भावाकडे आणि आत टाळ्या वाजवणाऱ्या बहिणीकडे बघून तिने हसून विचारलं की काय हो, कसलं कौतुक चाललंय एवढं.